लॉर्डसाहेबांचे लग्न आणि वाचकांचा रुसवा

मधुचंद्रासाठी एक नवविवाहित जोडपे खेड्यातील जुन्या घरी रात्री उशिरा येऊन पोहोचते. दाराला कुलूप, स्वागताला कोणी नाही. धुराडे काजळीने तुंबलेले, त्यामुळे शेगडी पेटवावी तर खोलीभर धूर. दुसऱ्या दिवशी धुराडे साफ करणारा येतो, घराच्या आधीच्या मालकाकडील थकबाकीच्या वसुलीसाठी जप्तीवाला येतो आणि अखेर त्या मालकाचेच प्रेत तळघरात सापडते. नवरा हौशी गुप्तहेर, बायको रहस्यकथा लिहिणारी. मधुचंद्र बाजूला राहतो आणि तपास सुरू होतो.

१९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बसमन्स हनीमून’ या इंग्रजी कादंबरीची ही सुरुवात. सुटीच्या दिवशीसुद्धा बसमधूनच फिरायला जाणाऱ्या बसचालकावरून इंग्रजांत एक थट्टेचा वाक्प्रचार रूढ आहे. कादंबरीचे नाव त्यावरूनच घेतलेले. ही मुळात प्रेमकथा आहे आणि गुप्तहेरी तिच्यात केवळ मधूनमधून व्यत्यय आणते, असे लेखिकेने उपशीर्षकातच जाहीर करून टाकले होते. लेखिका होत्या डोरोथी एल. सेयर्स. नावातील ‘एल’ कोणी गाळला तर त्या चिडत, म्हणून तो येथेही जपलेला बरा.

अगाथा ख्रिस्ती मराठी वाचकाच्या घरोघरी पोहोचल्या. त्याच काळातील सेयर्स मात्र आपल्याकडे इंग्रजी रहस्यकथांच्या दर्दी वाचकांपुरत्याच राहिल्या. इंग्लंडात मात्र दोघींची नावे एका दमात घेतली जात. सेयर्स यांचा नायक लॉर्ड पीटर विम्झी हा एका ड्यूकचा धाकटा भाऊ. एका डोळ्यावर भिंग, जुन्या ग्रंथांचा नाद, उंची मद्याची पारख आणि तोंडाची अखंड टकळी. हा मनुष्य प्रेमात पडला आणि वाचकांत सरळ दोन तट पडले. नायक प्रेमात पडला की रहस्यकथेचा विचका होतो, असे एका गटाचे म्हणणे. दुसऱ्या गटाला खुनी कोण यापेक्षा ती होकार कधी देणार याची चिंता. लेखिका स्वतःच आपल्या नायकाच्या प्रेमात पडली आहे, हा टोमणा तर सेयर्स यांना आयुष्यभर पुरला. गंमत म्हणजे १९२८ मध्ये रहस्यकथांचा एक मोठा संग्रह संपादित करताना, या प्रकारच्या कथेत प्रेमप्रकरण जितके कमी तितके चांगले, असे मत खुद्द सेयर्स यांनीच प्रस्तावनेत मांडले होते. अवघ्या दोन वर्षांत हे मत त्यांनी मोडले. का मोडले, याचा काही अंश त्यांच्या आयुष्यात सापडतो. वाचकांना मात्र त्या आयुष्याचा पत्ता नव्हता.

डोरोथीचा जन्म १३ जून १८९३ रोजी ऑक्सफर्डमध्ये झाला. वडील धर्मोपदेशक आणि तेथील चर्चच्या गायक मुलांच्या शाळेचे मुख्याध्यापक. ती चार वर्षांची असताना वडिलांची नेमणूक पूर्व इंग्लंडातील ब्लंटिशॅम या आडगावी झाली. पाणथळ सपाट मुलूख, मोठे घर आणि एकुलती एक मुलगी. सातव्या वर्षात पदार्पण केल्यावर वडिलांनी तिला लॅटिन शिकवायला घेतले. १९१२ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ती ऑक्सफर्डच्या सॉमरविल महाविद्यालयात दाखल झाली आणि १९१५ मध्ये फ्रेंच विषयात प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाली. मात्र पदवी मिळाली नाही. ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांची परीक्षा घेत असे, निकाल लावत असे, पदवी मात्र देत नसे. हा नियम १९२० मध्ये बदलला आणि त्या वर्षी पदवी स्वीकारणाऱ्या पहिल्या स्त्रियांत सेयर्स होत्या. तो झगा, तो समारंभ, ती लॅटिन भाषा त्यांच्या मनात किती खोल रुतली होती, हे पंधरा वर्षांनी वाचकांना दिसणार होते.

पुढची काही वर्षे ओढगस्तीची गेली. प्रकाशकाकडे नोकरी, फ्रान्समधील एका शाळेत काम, लंडनमध्ये शिकवण्या. याच दिवसांत विम्झीने जन्म घेतला. स्वतःच्या खोलीचा कंटाळा आला की सेयर्स त्याच्यासाठी पिकॅडिलीत आलिशान निवासस्थान घेत, बसचे भाडे परवडेनासे झाले की त्याला डेमलर मोटार घेऊन देत. कागदावर पैसे पडत नाहीत, असे त्यांनीच नंतर मिस्कीलपणे लिहून ठेवले आहे. १९२२ मध्ये बेन्सन या जाहिरात कंपनीत त्यांना मजकूर लिहिण्याची नोकरी मिळाली. तेथे त्या नऊ वर्षे रमल्या. कोलमन मोहरीसाठी रचलेल्या ‘मस्टर्ड क्लब’ या काल्पनिक मंडळाच्या मोहिमेत त्यांचा मोठा वाटा होता. १९२३ मध्ये ‘हूज बॉडी?’ ही विम्झीची पहिली कादंबरी आली.

त्याच सुमारास खासगी आयुष्यात दोन घाव बसले. जॉन कूर्नोस या लेखकावर त्यांचा जीव जडला होता. आपला विवाहसंस्थेवर विश्वास नाही, असे तो सांगे आणि लग्नाविना एकत्र राहावे असा त्याचा आग्रह होता. धर्मोपदेशकाच्या मुलीने त्याला नकार दिला. संबंध तुटले आणि थोड्याच काळात कूर्नोसने दुसरीशी रीतसर लग्न केले. त्या दुःखाच्या भरात मोटारींच्या व्यवसायातील एका गृहस्थाशी जवळीक झाली आणि दिवस गेले. तो गृहस्थ विवाहित निघाला. अशा वेळी बाळंतपणाची सोय लावून देण्यास मदत केली ती त्या गृहस्थाच्या पत्नीने. सेयर्स यांच्या एकाही कादंबरीत इतके अनपेक्षित वळण नाही.

आजारपणाच्या सबबीखाली त्यांनी कचेरीतून रजा घेतली. ३ जानेवारी १९२४ रोजी दक्षिण किनाऱ्यावरील साउथबोर्न येथे मुलगा झाला. त्यांची एक मावसबहीण अनाथ-निराधार मुले सांभाळत असे. एका मैत्रिणीचे बाळ आहे, ठेवून घेशील का, असे सेयर्स यांनी आधी तिला कळवले आणि बाळ सोपवताना खरे काय ते सांगितले. मग त्या पुन्हा कामावर रुजू झाल्या. आई-वडिलांना नातू असल्याचे कधीच कळले नाही. १९२८ मध्ये वडील आणि १९२९ मध्ये आई गेली. १९२६ मध्ये सेयर्स यांनी मॅक फ्लेमिंग या घटस्फोटित पत्रकाराशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मुलाला घरी आणण्याचे मात्र जमले नाही. महायुद्धातून आलेल्या फ्लेमिंग यांची प्रकृती ढासळत गेली, दारू वाढली, पत्नीच्या कीर्तीचा सल वाढला. मुलाला पुढे फ्लेमिंग हे नाव मिळाले, पण तो त्यांच्या घरी कधी राहिला नाही. शाळेचा खर्च आणि पत्रे, एवढाच संबंध. हा पैसा रहस्यकथांतून येत होता.

ही पार्श्वभूमी लक्षात घेऊन १९३० मधील ‘स्ट्राँग पॉयझन’ वाचली म्हणजे आश्चर्य वाटते. आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे हॅरिएट व्हेन, रहस्यकथा लेखिका. विवाहसंस्था न मानणाऱ्या एका लेखकाबरोबर ती लग्नाविना राहिली होती. पुढे त्याने उपकार केल्यासारखे लग्नाचे विचारले, तेव्हा संतापून ती निघून गेली. आता त्याला विष घातल्याचा आरोप तिच्यावर आहे. विम्झी न्यायालयात तिला पाहतो, प्रेमात पडतो, तुरुंगात जाऊन मागणी घालतो आणि तिला निर्दोष सोडवतो. त्याचे लग्न लावून देऊन त्याच्यापासून सुटका करून घ्यावी, असा सेयर्स यांचा बेत होता. पण शेवटच्या पानावर पेन अडले. ज्याने जीव वाचवला त्याच्याशी केवळ कृतज्ञतेपोटी लग्न करणारी हॅरिएट त्यांना खोटी वाटली. तिने नकार दिला आणि मालिका पुढे चालू राहिली.

कथेतील हा नकार पाच वर्षे टिकला. प्रश्न साधा नव्हता. उपकारकर्त्याची बायको होऊन बरोबरीने जगता येते का? मन दिले तर लेखणी शाबूत राहते का? १९३५ मधील ‘गॉडी नाइट’ ही सबंध कादंबरी या प्रश्नांभोवती फिरते. स्थळ ऑक्सफर्डचे महिला महाविद्यालय. निनावी पत्रे येतात, हस्तलिखिताची नासधूस होते, पण खून एकही नाही. खुनाशिवाय रहस्यकथा म्हणजे मिठाविना जेवण, असे वाटणारा वाचक पाचशेच्या आसपास पाने कसा रेटणार? अनेकांना ती कंटाळवाणी वाटली, अनेकांनी तिची पारायणे केली. अखेरीस विम्झी पुन्हा मागणी घालतो ती पदवीदान समारंभातील लॅटिन भाषेत, विदुषी म्हणून तिला संबोधून, अगदी बरोबरीच्या नात्याने. पाच वर्षे पदवीविना राहिलेल्या लेखिकेने आपल्या नायिकेला याहून मोठा मान कोणता दिला असता?

त्यानंतरचा ‘बसमन्स हनीमून’ म्हणजे सुटकेचा निःश्वास होता. मैत्रीण म्युरिअल सेंट क्लेअर बर्न यांच्यासह सेयर्स यांनी तो आधी नाटक म्हणून लिहिला. डिसेंबर १९३६ मध्ये लंडनच्या कॉमेडी थिएटरमध्ये ते रंगभूमीवर आले आणि चांगले चालले. त्यावरून बेतलेल्या कादंबरीची सुरुवातच या लग्नावर सोयऱ्याधायऱ्यांनी लिहिलेल्या पत्रांनी होते. एक नावे ठेवतो, दुसरी नाक मुरडते, विम्झीची म्हातारी आई दैनंदिनीत आनंद नोंदवते. वाचकांच्या तक्रारींनाच लेखिकेने पुस्तकात जागा करून दिली, असे ती पाने वाचताना वाटत राहते. पुढे सारा खेळकरपणा आहे. कामवाली बाई लॉर्डसाहेबांच्या जपून आणलेल्या उंची मद्याच्या बाटल्या धूळ काढायची म्हणून धुऊन काढते, तो प्रसंग निव्वळ प्रहसनाचा. मात्र शेवट वेगळा आहे. खुनी पकडला जातो, त्याला फाशी होते आणि त्या पहाटे आपल्या हुशारीने एक माणूस मरणार या जाणिवेने विम्झी कोसळतो. तो येतो हॅरिएटकडे. हलकीफुलकी कथा म्हणून पुस्तक हाती घेतलेला वाचक येथे गप्प होतो. रहस्याच्या बाबतीत ही कादंबरी सेयर्स यांच्या उत्तम कृतींत बसत नाही. खुनाची युक्ती पुस्तकातच शोभावी अशी आहे. पण गुन्हेगार सापडल्यावर गुप्तहेराचे काय होते, हे त्या काळच्या फार थोड्या कथांनी विचारले.

टीका व्हायची ती झालीच. डिसेंबर १९३७ मध्ये ‘स्क्रूटिनी’ या नियतकालिकात समीक्षक क्यू. डी. लीव्हिस यांनी या दोन्ही कादंबऱ्यांवर आसूड ओढला. विद्यापीठाचे चित्र खोटे, उमरावांचे कौतुक उथळ, असा त्यांचा रोख. अमेरिकी समीक्षक एडमंड विल्सन यांची कथा अधिक मजेदार. १९४४ मध्ये त्यांनी रहस्यकथांना नावे ठेवताच वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. निदान सेयर्स तरी वाचा, असे कित्येकांनी बजावले. विल्सन यांनी ‘द नाइन टेलर्स’ वाचली आणि चर्चच्या घंटांची वर्णने आपण सरळ गाळली, असे सांगून पुस्तक रटाळ ठरवले. ब्लंटिशॅमच्या बाजूचा तोच पाणथळ मुलूख या पुस्तकात आहे, आणि अनेक वाचकांच्या मते हीच त्यांची सर्वश्रेष्ठ रहस्यकथा.

सेयर्स यांनी मात्र तोवर विम्झीला निरोप दिला होता. विवाहित विम्झीवरील ‘थ्रोन्स, डॉमिनेशन्स’ ही कादंबरी त्यांनी १९३६ मध्ये सुरू केली आणि अर्धवट सोडली. त्या धार्मिक नाटकांकडे वळल्या. बीबीसीवरील येशूच्या जीवनावरील त्यांच्या नभोनाट्यमालेने १९४१-४२ मध्ये वादळ उठवले. येशूचा आवाज नटाने काढावा आणि शिष्यांनी बोलीत बोलावे, हे सनातन्यांना मानवले नाही. १९४३ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपांनी देऊ केलेली धर्मशास्त्रातील सन्माननीय पदवी त्यांनी नम्रपणे नाकारली. पदवीसाठी पाच वर्षे थांबलेल्या बाईंनी पदवी नाकारावी, हेही विशेष. १९४४ मध्ये बाँबच्या भीतीने आसऱ्याला जाताना हाताला लागलेले दान्तेचे पुस्तक त्यांना पुरते वेड लावून गेले आणि उरलेले आयुष्य त्याच्या भाषांतरात गेले. दोन खंड प्रसिद्ध झाले, तिसरा अपुरा राहिला. तो त्यांची मैत्रीण बार्बरा रेनल्ड्स यांनी १९६२ मध्ये पूर्ण करून दिला.

१७ डिसेंबर १९५७ रोजी लंडनमधील नाताळची खरेदी उरकून त्या एसेक्समधील विटम येथील घरी परतल्या. टोपी आणि कोट वरच्या खोलीत टाकून खाली येत असताना जिन्याच्या पायथ्याशी त्यांना मृत्यूने गाठले. पती १९५० मध्येच गेले होते. मृत्युपत्रात सारी मालमत्ता मुलाच्या नावे होती. हा मुलगा त्यांच्याच पोटचा, हे जवळच्या मित्रमैत्रिणींपैकी अनेकांना त्यानंतरच समजले. वाचकांना कळायला १९७५ साल उजाडावे लागले, जेव्हा जॅनेट हिचमन यांचे चरित्र प्रसिद्ध झाले.

तेव्हापासून हॅरिएट वेगळ्या नजरेने वाचली जाऊ लागली. अर्धवट राहिलेली ‘थ्रोन्स, डॉमिनेशन्स’ जिल पॅटन वॉल्श यांनी पूर्ण केली आणि ती १९९८ मध्ये बाजारात आली. विम्झी दाम्पत्याची पुढची हकीकत हाती आल्याने काही वाचक सुखावले, तर मूळ लेखिकेने जे मिटून ठेवले ते कोणी उघडू नये, म्हणून काही रुसले.