समदुःखी

ज्याचे जळते त्यालाच कळते, असे आपल्याकडे म्हणतात. दुखणे नवे असते तेव्हा विचारपूस करायला सगळे येतात. तेच दुखणे वर्षानुवर्षे घरात ठाण मांडून बसले म्हणजे येणारे-जाणारे कमी होतात. तरुण वयात असे दुखणे वाट्याला आले तर माणूस आपल्याच बरोबरीच्या मित्रांत परका होतो. अशा वेळी त्याला खरा धीर कोण देऊ शकेल? बहुधा त्याच वाटेने चार पावले पुढे गेलेला दुसरा रोगी.

फ्रँकलिन डिलॅनो रूझवेल्ट हे चार वेळा निवडून आलेले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. जागतिक मंदी आणि दुसरे महायुद्ध या प्रकरणांत त्यांचे नाव हटकून येते. परंतु हाच मनुष्य एके काळी एका आडगावी तरुण रोग्यांना कमरेइतक्या पाण्यात उभे राहायला शिकवीत असे, ही हकिगत पाठ्यपुस्तकात सहसा आढळत नाही. तीच येथे सांगावयाची आहे.

रूझवेल्टांचा जन्म ३० जानेवारी १८८२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथे एका श्रीमंत घराण्यात झाला. हार्वर्डचे शिक्षण, १९०५ साली एलिनॉर यांच्याशी विवाह, १९१३ पासून नौदल खात्याचे उपमंत्रिपद आणि १९२० साली उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी अशी त्यांची वाटचाल होती. त्या निवडणुकीत ते हरले, पण वय अवघे अडतीस होते. उंचापुरा, देखणा, पोहण्याची आणि नौकानयनाची आवड असलेला हा तरुण पुढारी फार वर जाणार, असे लोक बोलत असत.

१९२१ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातील कॅम्पोबेलो बेटावर ते सहकुटुंब सुटीसाठी गेले होते. एके दिवशी दमून, थंड पाण्यात पोहून घरी आले आणि त्यांना हुडहुडी भरली. दोन-तीन दिवसांत दोन्ही पाय निकामी झाले. एका नामांकित वृद्ध शल्यवैद्याने रोग ओळखला नाही. पाय जोरजोराने चोळावयास सांगितले. रोग होता पोलिओ, म्हणजे बालपक्षाघात. बोस्टनच्या डॉ. लव्हेट यांनी निदान केले तोवर दोन आठवडे निघून गेले होते. पोलिओत स्नायूंना हालचालीची आज्ञा देणाऱ्या मज्जापेशी मरतात, परंतु स्पर्शाची जाणीव शाबूत राहते. त्यामुळे हलत नसलेले तेच पाय इतके ठणकत, की अंगावरील पांघरुणाचा स्पर्शही त्यांना सोसवत नसे. त्या पायांना ते चोळणे किती यातनांचे झाले असेल! पुढे गुडघ्यामागच्या शिरा आखडल्या. त्या सरळ करण्यासाठी पाय प्लास्टरमध्ये घालून मागच्या बाजूने रोज थोडी थोडी पाचर ठोकण्यात आली. त्यानंतर आले लोखंडी कॅलिपर आणि कुबड्या.

तीन वर्षे रूझवेल्टांनी नाना उपचार करून पाहिले. १९२४ मध्ये जॉर्ज फॉस्टर पीबॉडी या परिचित सद्गृहस्थांकडून त्यांना एक बातमी कळली. जॉर्जिया राज्यात वॉर्म स्प्रिंग्ज नावाचे गाव आहे. तेथल्या उष्ण झऱ्याच्या पाण्यात पोहून लुई जोसेफ नावाचा पोलिओग्रस्त तरुण काठीच्या आधाराने चालू लागला आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात रूझवेल्ट तेथे पोहोचले. थोडक्यात, ज्या गावाने त्यांचे आयुष्य बदलले तेथे त्यांना नेले ते दुसऱ्या एका रोग्याच्या अनुभवाने.

गाव मोडकळीला आलेले होते. पण झऱ्याचे पाणी बारमाही सुमारे ३१ अंश उबदार असे, आणि त्यात शरीर सहज तरंगे. थंड पाण्यात रोगी लवकर गारठतो. येथे तासन् तास व्यायाम करता येई. पाण्यात अंगाचा भार हलका झाल्यामुळे, जे पाय जमिनीवर टेकत नव्हते ते थोडेफार चालू लागत. मेलेल्या पेशी काही जिवंत होत नसत, परंतु उरलेसुरले स्नायू बळकट होत.

एका वर्तमानपत्राने रूझवेल्टांच्या या जलोपचारावर लेख छापला. परिणाम असा झाला, की १९२५ च्या वसंतात देशाच्या कानाकोपऱ्यांतून पोलिओचे रोगी न बोलावता तेथे येऊन थडकले. पेनसिल्व्हेनियाचा फ्रेड बॉट्स हा तरुण तर आगगाडीच्या सामानाच्या डब्यातून आला. तेथे ना इस्पितळ होते, ना डॉक्टर. रोग आपल्याला लागेल या भीतीने हॉटेलातील इतर पाहुण्यांनी कुरकुर सुरू केली, तेव्हा या मंडळींच्या जेवणाची आणि पोहण्याची वेगळी सोय करावी लागली.

या लोकांचे काय करावयाचे? रूझवेल्ट ना वैद्य होते, ना शिक्षक. त्यांच्यापाशी भांडवल होते ते स्वतःच्या साडेतीन वर्षांच्या दुखण्याचे. लव्हेटांच्या उपचारांत जे जे शिकले होते ते त्यांनी शिकवावयास प्रारंभ केला. प्रत्येकाचा कोणता स्नायू किती काम देतो याची नोंद ठेवली. स्वतः पाण्यात उतरून कठडा कसा धरावा, पाय कसा उचलावा, हे करून दाखविले. व्यायाम संपला की पाण्यात चेंडूचे खेळ रंगत, आणि हे नवे मास्तर त्यांत सर्वांत पुढे असत. स्वतःला ते थट्टेने म्हातारा डॉक्टर म्हणवून घेत.

पाण्यातून बाहेर आल्यावर येणारे प्रश्न निराळे असत. खुर्चीतून पलंगावर कसे जावे, पडलो तर पडावे कसे, लोक टक लावून पाहू लागले तर काय करावे, हे निरोगी माणूस कसे सांगणार? तेथे प्रत्येक जुना रोगी नव्याचा गुरू झाला. बरोबरीच्या मुलामुलींत कोणाला कोणाच्या कॅलिपरची लाज वाटत नसे. पत्त्यांचे डाव पडत, नाटके होत, प्रेमे जमत, लग्नेही होत. फ्रेड बॉट्स तर पुढे तेथेच राहिला आणि संस्थेचा निबंधक झाला. नव्याने येणाऱ्यांचे स्वागत तोच करू लागला.

१९२६ मध्ये रूझवेल्टांनी ती सारी मालमत्ता सुमारे दोन लाख डॉलरना विकत घेतली. त्यात त्यांच्या संपत्तीचा सुमारे दोन तृतीयांश भाग गेला. घरच्यांना हा वेडेपणा वाटला. अस्थिरोगतज्ज्ञांच्या परिषदेने, हे डॉक्टर नव्हेत, म्हणून त्यांना बोलू दिले नाही. तेव्हा त्यांनी चाकांच्या खुर्चीतून फिरून एकेकाला गाठले. अखेर डॉ. हबर्ड यांच्या देखरेखीखालील तेवीस रोग्यांची तपासणी झाली, सुधारणा मान्य झाली आणि १९२७ साली वॉर्म स्प्रिंग्ज प्रतिष्ठान स्थापन झाले.

या कथेला दोन काळ्या बाजू आहेत. पहिली अशी, की या संस्थेची दारे त्या काळी फक्त गोऱ्या रोग्यांना उघडी होती. कृष्णवर्णीय माणसे तेथे नोकर होती, रोगी नव्हती. त्यांच्यासाठी १९४१ साली टस्कीगी येथे वेगळे केंद्र निघाले, पण आपल्या अंगणातील कुंपण रूझवेल्टांनी काढले नाही. समदुःखालाही रंगाची सीमा पडली.

दुसरी बाजू त्यांच्या स्वतःच्या मनाची. १९२८ साली ते गव्हर्नर म्हणून, तर १९३२ साली राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. पंगू नेता लोकांना चालणार नाही, या धास्तीने त्यांनी आपले अपंगत्व शक्य तितके झाकले. एका हातात काठी आणि दुसरा हात मुलाच्या दंडात घालून ते चालल्याचा आभास निर्माण करीत. चाकांच्या खुर्चीतील त्यांची छायाचित्रे मोजकीच आहेत. वॉर्म स्प्रिंग्जला मात्र त्यांना काही झाकावे लागत नसे. म्हणूनच सत्तेच्या काळातही ते तेथे पुन्हा पुन्हा जात असावेत.

हा पडदा त्यांनी एकदा आपण होऊन बाजूला केला. जुलै १९४४ मध्ये युद्धकाळात ते हवाई बेटांवर गेले असता तेथील इस्पितळात हातपाय गमावलेल्या तरुण सैनिकांच्या कक्षात गेले. त्यांनी आपली खुर्ची खाटांच्या रांगांमधून सावकाश ढकलावयास सांगितली. प्रत्येक खाटेशी हसून बोलले, आणि आपले निर्जीव पाय त्या पोरांना दिसू दिले. तेवीस वर्षांपूर्वी जी निराशा आपल्या वाट्याला आली, तीच आज यांच्यापुढे आहे, हे त्यांनी ओळखले होते.

१२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज येथेच त्यांचे निधन झाले. पाय अखेरपर्यंत परत आले नाहीत. बरोबर दहा वर्षांनी, १२ एप्रिल १९५५ रोजी, डॉ. साल्क यांची पोलिओची लस यशस्वी ठरल्याचे जाहीर झाले. त्या संशोधनाला पैसा पुरविला तो रूझवेल्टांनी १९३८ मध्ये स्थापलेल्या राष्ट्रीय संस्थेने, लोकांकडून नाणे नाणे गोळा करून. २०१४ साली आपला देशही पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. वॉशिंग्टनमधील त्यांच्या स्मारकात २००१ साली चाकांच्या खुर्चीत बसलेला पुतळा उभा राहिला, तोही अपंगांच्या संघटनांनी आग्रह धरून, निधी जमवून. त्यांनी जे झाकले ते त्यांच्या समदुःखी बांधवांनी अभिमानाने उघड केले.

आपल्या देशातून पोलिओ गेला, पण चिरकाल छळणारी दुखणी गेलेली नाहीत. सांधे धरलेला, सिकलसेलच्या कळांनी वर्ग बुडविणारा एखादा विद्यार्थी आपल्या बाकावरही असू शकतो. सहानुभूतीची वाक्ये त्याने पुष्कळ ऐकलेली असतात. त्याच दुखण्यासह दोन वर्षे पार पाडलेला वरच्या वर्गातला एखादा मित्र त्याच्याजवळ येऊन बसला आणि आपण कसे निभावले ते त्याने सांगितले, तर त्याचे ओझे निम्मे होईल. लुई जोसेफचे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नाही. पण त्याच्या काठीचा आवाज ऐकूनच रूझवेल्ट त्या झऱ्यापर्यंत पोहोचले होते.