एन्झो फेरारी

जुन्या देवळाचा जीर्णोद्धार होतो हें आपण जाणतों. परंतु जुन्या मोटारीचाही तितक्याच भक्तीनें जीर्णोद्धार करणारे लोक आहेत, आणि इटलीच्या फेरारी गाड्यांवर त्यांचें विशेष प्रेम. नवल हें कीं, ज्या पुरुषानें ह्या गाड्या निर्माण केल्या त्यास जुन्या गाडीची फारशी माया नव्हती. त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देतों.

एन्झोचा जन्म मोदेना शहरीं १८९८ च्या फेब्रुवारींत झाला. बापाचा लोखंडकामाचा लहानसा कारखाना होता. दहाव्या वर्षीं बापाबरोबर बोलोन्या येथें मोटारींची शर्यत पाहिली आणि तें वेड डोक्यांत शिरलें तें कायमचें. १९१६ सालीं बाप व भाऊ दोघेही आजारानें वारले. पुढें लष्करांत त्याच्या वांट्यास काम आलें तें खेचरांस नाल ठोकण्याचें! युद्धानंतर तूरिनच्या फियाट कंपनींत तो नोकरी मागावयास गेला. ती मिळाली नाहीं, तेव्हां बागेंतील बांकावर बसून तो रडला. (ह्याच फियाटच्या मोटारी पुढें आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं काढलेल्या कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होऊं लागल्या.) अखेर हलक्या मालमोटारींचें वरचें अंग उतरवून उरलेला सांगाडा मिलानला पोंचविण्याचें काम मिळालें. तेथें त्यावर नवें अंग चढे. म्हणजे जुन्याचें नवें करण्यावरच त्याचें पोट प्रथम भरलें.

पुढें आल्फा रोमिओ कंपनीच्या गाड्या त्यांनीं शर्यतींत हांकल्या, १९२९ सालीं स्वतःचा शर्यतीचा संघ काढला, आणि १९४७ सालीं मारानेल्लो येथें स्वतःच्या नांवाची पहिली गाडी, १२५ एस, बांधली. तिचें एंजिन अवघें दीड लिटरचें, पण सिलिंडर बारा. पहिल्या शर्यतींत ती बंद पडली. दोनच आठवड्यांनीं रोम येथें जिंकली. तरी तिला जपून ठेविलें नाहीं. फेरारींस पुढची शर्यत तेवढी दिसे. जुनी गाडी मोडावी वा विकावी, आणि त्या पैशांत नवी बांधावी, हा त्यांचा क्रम.

हा कठोरपणा आम्हांस सर्वस्वीं स्तुत्य वाटत नाहीं. १९५७ सालीं त्यांची एक गाडी भर वेगांत टायर फुटून लोकांत घुसली. दोघे स्वार व नऊ प्रेक्षक मेले, त्यांत पांच मुलें होतीं. खटला १९६१ पर्यंत चालला व ते निर्दोष सुटले. परंतु त्याच्या आदल्याच वर्षीं त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा दिनो स्नायूंच्या रोगानें गेला होता, हेंही विसरतां येत नाहीं. १९६९ सालीं ज्या फियाटनें त्यांस परत पाठविलें होतें तिनेंच त्यांच्या कारखान्याचा अर्धा हिस्सा घेतला. १९८८ च्या ऑगस्टांत, नव्वदाव्या वर्षीं, ते वारले.

आतां त्या विकलेल्या गाड्यांचें काय झालें तें पाहूं. १९६२ ते १९६४ ह्या काळांत बांधलेल्या २५० जीटीओ जातीच्या ३६ गाड्यांपैकीं एक २०१८ सालीं ४ कोटी ८० लक्षांहून अधिक डॉलरांस गेली. अशी गाडी सुधारणें म्हणजे केवळ रंग देणें नव्हे. तिचा अॅल्युमिनियमचा पत्रा हातोडीनें ठोकून घडविलेला. म्हणून दोन गाड्या तंतोतंत सारख्या नसत. कारागीर आधीं रंगाचे थर व लांबी खरवडून मूळ पत्रा उघडा करतो, कुजलेला तेवढाच भाग कापून नवा जोडतो. बारा सिलिंडरांस सहा कार्ब्युरेटर. ते सर्व एका श्वासानें चालेपर्यंत जुळवावे लागतात. सांगाड्यावरील व एंजिनावरील क्रमांक मूळ नोंदींशीं मिळाले तरच गाडी अस्सल. आमच्या मतें, मूळचें शक्य तितकें राखणारा कारागीरच खरा.

२००६ सालीं मारानेल्लोच्या कारखान्यानेंही जुन्या गाड्यांसाठीं स्वतंत्र खातें उघडलें. न मिळणारा भाग तेथें जुन्या आराखड्यांवरून पुन्हां घडविला जातो. १२५ एस मात्र तेथें दुरुस्तीस येऊं शकत नाहीं. ती मोडली गेली, आणि तिची प्रतिकृतीच कंपनीला नव्यानें बांधावी लागली.