डॉ. आनंदीबाई जोशी यांचे दुखणे

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक नाही असे नाही. महाराष्ट्रातील पहिली स्त्री डॉक्टर कोण, या प्रश्नाचे उत्तर वाशिम जिल्ह्यातील पाचवीतला मुलगाही एका दमात देतो. परंतु ज्या बाईंचे नाव आपण असे पाठ केले आहे त्या स्वतः वर्षानुवर्षे दुखणाईत होत्या, आणि दोन खंडांतील औषधे घेऊनही त्यांस गुण आला नाही, ही गोष्ट बहुधा पाठात येत नाही. या अंकासाठी तीच सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

यास कारणही घडले. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एक मुलगी दर दोन-तीन दिवसांनी कपाळ धरून बाकावर डोके टेकीत असे. तिला डॉक्टरांस दाखविले, डोळे तपासले, रक्त तपासले; काहीच निघाले नाही. काही निघाले नाही म्हणजे काही नाहीच, असा अर्थ घरच्यांनी केला, आणि सांगावयास लाज वाटते की आम्हीही तोच केला. गणिताचा तास आला की हिचे डोके दुखते, असे आम्ही भर वर्गात बोलून गेलो. मुले हसली. त्यानंतर तिने पुन्हा बाकावर डोके टेकले नाही. दुखणे मात्र तसेच चालू होते, हे पुढे तिची आई भेटली तेव्हा कळले. त्याच सुमारास आनंदीबाईंचे चरित्र आम्ही पुन्हा वाचावयास घेतले आणि एरवी ज्या ओळींवरून नजर घसरून जाई, तेथेच ती या वेळी थबकली.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या एका जोशी घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी तिचे लग्न पोस्ट खात्यातील कारकून गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. ते बिजवर असून तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. बायकोस शिकविण्याचा त्यांनी जणू ध्यास घेतला होता. हा ध्यास थोर खरा, पण त्यास माया थोडी होती. अभ्यासात हयगय झाली की मारही बसे, हे आनंदीबाईंनीच पुढे पत्रात लिहून ठेविले आहे. गोपाळरावांचे चरित्र लिहिणारे या ठिकाणी लेखणी जपून चालवितात. आम्हांस त्याची गरज वाटत नाही. एकाच मनुष्याने एका मुलीस विद्याही दिली आणि वेदनाही दिली, हे दोन्ही खरे आहे.

चौदाव्या वर्षी आनंदीबाई बाळंत झाल्या. मुलगा झाला व दहा दिवसांत गेला. योग्य वैद्यकीय मदत मिळती तर तो वाचता, ही रुखरुख त्यांच्या मनात कायमची राहिली आणि आपण डॉक्टर व्हावे, हा विचार तेथेच रुजला. त्या काळी डॉक्टर म्हणजे पुरुष, आणि परपुरुषापुढे आपले दुखणे उघड करणे म्हणजे कुलीन स्त्रीस मरणाहून अवघड. यास्तव बायका दुखणे अंगावर काढीत. हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत इतका रुळला आहे की त्यात किती यातना साठविल्या आहेत हे ध्यानात येत नाही. आमच्या वऱ्हाडात आजही कपाळाला फडके करकचून बांधून कापूस वेचणाऱ्या बाया दिसतात. काय होते म्हणून विचारावे, तर काही नाही म्हणतात.

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या: अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि अखेर दूर बंगालात कलकत्ता. बायकोस अमेरिकेत शिकविण्याकरिता साहाय्य मिळावे म्हणून त्यांनी कोल्हापुरात काम केलेले मिशनरी वाइल्डर साहेब यांस पत्र लिहिले. साहेबांनी ते प्रिन्स्टन येथून निघणाऱ्या आपल्या नियतकालिकात छापले, आणि साहाय्य हवे तर उभयतांनी ख्रिस्ती व्हावे, असे सुचविले. जोशी दांपत्याने ते मानले नाही. आम्ही मिशनच्याच शाळांत शिकलो व वाढलो, म्हणून हे लिहिणे आम्हांस प्राप्त आहे: त्या प्रसंगी साहेबांचे चुकले. प्रभूने आंधळ्यास डोळे व पांगळ्यास पाय दिले, ते आधी अट घालून दिले नाहीत.

ती अट न घालणारी व्यक्तीही त्याच पत्रामुळे भेटली. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या श्रीमती थिओडिसिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला. दात दुखला नसता तर पुढचा इतिहास कसा घडला असता, नकळे! त्यांनी आनंदीबाईंस पत्र लिहिले, उत्तर आले, आणि पाहता पाहता पंधरा-सोळा वर्षांची ही मुलगी त्या परक्या बाईंस मावशी म्हणू लागली.

आता मूळ गोष्टीकडे येतो. कलकत्त्यास असताना आनंदीबाईंची प्रकृती ढासळली. डोके सतत दुखे, अंगात त्राण नसे, मधूनमधून ताप येई, कधी श्वास लागे. कोणत्याही एका रोगाच्या नावाखाली ही लक्षणे धड बसत नव्हती. कार्पेंटर मावशींनी अमेरिकेहून औषधे पाठविली. समुद्र ओलांडून आलेल्या त्या बाटल्यांनी काडीइतका फरक पडला नाही. सुवार्तेत एका स्त्रीची कथा आहे, ती बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली होती. अनेक वैद्यांच्या हातून तिने सोसले, जवळचे होते नव्हते ते खर्चिले आणि दुखणे उलट वाढले. आनंदीबाईंचे वय तेव्हा अवघे सतरा असेल.

त्या वेळचे डॉक्टर अडाणी होते असे कोणी समजू नये. क्षयाचा जंतू डॉ. कॉख यांनी बर्लिनमध्ये जगापुढे मांडला तो १८८२ च्या मार्चात, म्हणजे आनंदीबाई परदेशी निघण्यापूर्वी जेमतेम एक वर्ष. छातीच्या आत पाहू देणारे क्ष-किरण सापडले १८९५ साली. रोग्याचे म्हणणे ऐकणे, नाडी, ताप आणि छाती तपासणे, एवढेच तेव्हा हाती होते; आणि रोगी स्त्री असली म्हणजे त्यातलेही अर्धे गळे.

प्रकृती अशी असतानाच त्यांनी जाण्याचे ठरविले. गोपाळरावांची बदली श्रीरामपूरास झाली होती. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले आणि हिंदुस्थानास स्त्री-डॉक्टरांची केवढी निकड आहे हे सांगितले. हे कॉलेज विल्यम केरी व त्यांच्या सोबत्यांचे. १८०५ साली मराठीचे व्याकरण छापणारे केरी ते हेच. पुढे ७ एप्रिल रोजी पतीवाचून, मिशनरी बायांच्या सोबतीने, त्या कलकत्त्याहून बोटीवर चढल्या व ४ जून रोजी न्यू यॉर्कास उतरल्या.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात त्यांस प्रवेश मिळाला. मुख्याध्यापिका डॉ. रेचल बॉडली यांनी मायेने वागविले. पण राहावयास मिळालेल्या खोलीतील शेगडी नीट पेटत नसे. पेटविली तर खोलीभर धूर, न पेटविली तर हाडे गोठविणारी थंडी. ज्या मुलीचा श्वास आधीच लागत होता तिने यांपैकी काय निवडावे? पोशाख हिंदी, आहार शाकाहारी, आणि तोही परदेशात मिळेल तसा. पुढे मूर्च्छा येऊ लागली, ताप चढू लागला, खोकला हटेना. सभोवार उत्तम डॉक्टर, उशाशी वैद्यकाची पुस्तके, आणि त्यांमध्ये ही विद्यार्थिनी आपले दुखणे अंगावर काढीत परीक्षा देत होती! त्यांचा प्रबंध प्राचीन आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. दहा दिवसांच्या त्या बाळाची आठवण त्यामागे असावी, असे आम्हांस वाटते.

११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागावर आनंदीबाईंची नेमणूक केली. पण एव्हाना क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. नोव्हेंबरात मुंबईस उतरल्या, तेव्हा स्वागतास माणसे लोटली. त्यांस मात्र उभे राहवत नव्हते. कोल्हापुरास जाण्याऐवजी पुण्यास आणावे लागले. तेथे २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षे पुरी होण्याच्या आधीच, त्यांचे प्राणोत्क्रमण झाले.

दुखण्यास नाव मिळाले तेव्हा त्यावर औषध नव्हते. क्षयावर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडले, आणि तेही न्यू जर्सीतच, कार्पेंटर मावशींच्या रोझेलपासून फार दूर नव्हे. आज सरकारी दवाखान्यात क्षयाचे औषध फुकट मिळते आणि बहुतेक रोगी सहा महिन्यांत बरे होतात. बायकांसाठी वेगळी इस्पितळेही झाली. अकोल्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयास जुनी माणसे अजून लेडी हार्डिंगच म्हणतात. वाशिमच्या कित्येक आज्या तेथे बाळंत झाल्या आहेत. त्या मुलीच्या आईने पुढे लेकीला तेथेच नेले. तेथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्याआधी अर्धा तास नुसते ऐकून घेतले, असे ती सांगत होती. दुखणे गेले नाही, पण कमी झाले. आणि तिला खोटे ठरविले गेले नाही, याचेच त्या माउलीस अधिक समाधान दिसले. आम्ही त्या मुलीची क्षमा मागितली. ती संकोचून हसली, एवढेच.

गोपाळरावांनी पत्नीच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेस पाठविल्या. न्यू यॉर्क प्रांतातील पोकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत मावशींनी त्या ठेवविल्या, आणि वर आनंदीबाईंच्या नावाचा दगड बसविला. तो तेथे आजही आहे.