वकील झालेला माणूस गायक झाला, मग एचएमव्हीत गेला आणि घरचा स्टिरिओ तपासायला एक भारी रेकॉर्ड देऊन गेला

बीड, अंबाजोगाई, परळी, कुठंही जा. जुना अॅम्प्लिफायर आणि दोन बॉक्स जमवून घरी स्टिरिओ उभा करणारा एखादा भिडू सापडतोच. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, सेटअप चांगला वाजतोय हे ओळखायचं कसं? त्याचं एक उत्तर जी. एन. जोशी या मराठी माणसाकडे आहे.

जोशींनी नागपुरात वकिलीचं शिक्षण घेतलं, पण जीव गाण्यात होता. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता त्यांनी गायली. 1930 च्या दशकात तिची रेकॉर्ड घराघरात पोचली आणि मराठी भावगीताची सुरुवात सांगताना आजही तिचं नाव निघतं.

पुढं 1938 मध्ये ते एचएमव्हीत रुजू झाले. आता काम होतं दुसऱ्यांचा आवाज टिपायचं. तेव्हाच्या 78 आरपीएमच्या तव्यावर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तासभर राग रंगवणाऱ्या गवयाला एवढ्यात गाणं आटपायला लावणं म्हणजे खायचं काम नव्हतं. हिराबाई बडोदेकर, बडे गुलाम अली खाँ, बेगम अख्तर अशा मोठ्या कलाकारांसोबत जोशींनी काम केलं. स्वतः गायक असल्यामुळं समोरच्याची अडचण त्यांना कळायची.

मग एलपी आली. एका बाजूला वीसेक मिनिटं मिळू लागली. पाठोपाठ स्टिरिओ आला, म्हणजे डाव्या आणि उजव्या स्पीकरसाठी वेगवेगळा आवाज.

1967 मध्ये जोशींच्या निर्मितीत 'कॉल ऑफ द व्हॅली' रेकॉर्ड झाली. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. तिघंही तिशीच्या आसपासचे. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिर भैरवपासून पुढं, रागांमधून सांगितलेला. ही रेकॉर्ड परदेशातही गाजली.

जोशी 1994 मध्ये गेले. ही रेकॉर्ड मात्र आजही मोबाईलवर सहज मिळते.

आता सेटअपचं बघा. दोन स्पीकर आणि तुम्ही, असा समान बाजूंचा त्रिकोण करा. छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, कानाच्या उंचीवर ठेवा. बॉक्स कोपऱ्यात कोंबले तर बेस घुमतो, म्हणून भिंतीपासून थोडे पुढं ओढा. सिमेंटच्या उघड्या भिंती आवाज परत फेकतात, तिथं जाड पडदा किंवा गोधडी टांगा. याला खर्च जवळपास शून्य.

मग कूलर बंद करून ही रेकॉर्ड लावा. संतूरची प्रत्येक तार सुटी ऐकू आली आणि बासरी तिच्यात मिसळून गेली नाही, तर समजा पैसे वसूल. सगळं एकाच डब्यातून आल्यासारखं वाटलं, तर नवा अॅम्प्लिफायर घेण्याआधी स्पीकरची जागा बदलून बघा.