येल्लाप्रगडा सुब्बाराव

येल्लाप्रगडा सुब्बाराव (१२ जानेवारी १८९५, भीमावरम, मद्रास इलाखा – ऑगस्ट १९४८, न्यू यॉर्क) हे भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होते. फॉलिक आम्लाचे संश्लेषण, हत्तीरोगावरील हेट्राझान आणि ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक त्यांच्या नेतृत्वाखालील संशोधनातून पुढे आले. सुमारे पाव शतक अमेरिकेत राहूनही ते त्या देशाचे नागरिक झाले नाहीत.

शिक्षण

तरुणपणी त्यांचे दोन भाऊ काही दिवसांच्या अंतराने संग्रहणीने दगावले. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात खादी वापरल्यामुळे शल्यचिकित्सेच्या इंग्रज प्राध्यापकांची नाराजी त्यांनी ओढवून घेतली. परिणामी एमबीबीएसऐवजी एलएमएस या कनिष्ठ पदवीवर त्यांना समाधान मानावे लागले. एका धर्मादाय संस्थेच्या आणि सासऱ्यांच्या मदतीने ते बॉस्टनला गेले. पत्नी शेषगिरी भारतातच राहिल्या; दोघांची पुन्हा भेट झाली नाही. त्या पदवीवर अमेरिकेत डॉक्टरकीची नोकरी मिळेना, म्हणून शिक्षण घेताना त्यांनी रुग्णालयात हमालाचे काम केले.

स्थलांतर कायदे आणि संशोधन

अमेरिकेच्या १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातील लोकांना प्रवेशबंदी केली होती. विद्यार्थी, शिक्षक, डॉक्टर अशा काहींना सूट होती. परंतु ज्या नात्याने प्रवेश मिळाला ते नाते सुटल्यास वास्तव्य बेकायदा ठरे. फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवले. आधी नागरिक झालेल्या अनेकांचे नागरिकत्वही त्यानंतर काढून घेण्यात आले. म्हणजे शिकायला दार उघडे होते, स्थायिक व्हायला नव्हते.

याच काळात सुब्बाराव हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्यासमवेत काम करीत होते. रक्त व लघवीतील फॉस्फरस मोजण्याची त्यांची पद्धत १९२५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि प्रयोगशाळांतून दीर्घकाळ वापरली गेली. पुढे स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन व एटीपी यांवरील शोध आले. १९३० मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली, मात्र विद्यापीठात कायमचे पद मिळाले नाही.

१९४० मध्ये ते न्यू यॉर्क राज्यातील लेडर्ली प्रयोगशाळेत गेले व पुढे तिचे संशोधन संचालक झाले. चौदा वर्षांवरील प्रत्येक परदेशी रहिवाशाने नोंदणी करून बोटांचे ठसे देणे त्याच वर्षीच्या कायद्याने सक्तीचे झाले होते. १९४५ मध्ये त्यांच्या चमूने फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार केले. संग्रहणीतील रक्तक्षयावर ते गुणकारी ठरले. त्याच रेणूत बदल करून बनवलेले अमिनोप्टेरिन सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या १६ बालकांना दिले. त्यांपैकी १० बालकांत तात्पुरती सुधारणा दिसली.

अखेरची वर्षे

जुलै १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला आणि वर्षाला १०० जणांना स्थलांतराची परवानगी मिळाली. त्यानंतरही सुब्बाराव यांनी नागरिकत्व घेतले नाही. दोन वर्षांनी झोपेतच त्यांचे निधन झाले. १९९५ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.