रबरी माणसाचा बाप

सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन ही नावं आपल्या हॉस्टेलमध्ये कुणालाही विचारा, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण प्लास्टिक मॅन म्हटलं की समोरचा विचारतो, म्हणजे फँटास्टिक फोरमधला तो लांब हातांचा ना? नाही हो! तो आला १९६१ मध्ये. प्लास्टिक मॅन त्याच्या वीस वर्षं आधीचा, ऑगस्ट १९४१ च्या पोलीस कॉमिक्सच्या पहिल्याच अंकातला. त्याची गोष्ट लिहिणारा आणि चित्रं काढणारा माणूस एकच होता, जॅक कोल. आज सांगायचंय ते त्याच्याबद्दल.

कोलचा जन्म १४ डिसेंबर १९१४ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या न्यू कॅसल गावचा. वडिलांचं कापडाचं दुकान, घरात सहा भावंडं. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर पोस्टाने येणारा लँडन स्कूलचा कोर्स, बस्स. त्याची फी भरायला पठ्ठ्यानं काय करावं? शाळेत जेवायला मिळणारे पैसे वाचवले, आणि आतून कोरून पोकळ केलेल्या पुस्तकात घरचं सँडविच लपवून नेलं. (मेस बिल वाचवायच्या आपल्या सगळ्या आयडिया यापुढे फिक्या आहेत.) सतराव्या वर्षी हा मुलगा एकटा सायकलवरून थेट लॉस एंजेलिसला गेला आणि परत आला. म्हणजे अख्खी अमेरिका आडवी, दोनदा. मग डबे बनवणाऱ्या अमेरिकन कॅन कंपनीच्या कारखान्यात दिवसा नोकरी आणि रात्री चित्रं. १९३४ मध्ये डोरोथीशी लग्न, १९३६ मध्ये दोघं न्यूयॉर्कला.

तेव्हा कॉमिक्स म्हणजे एक कारखानाच होता. हॅरी चेस्लरच्या स्टुडिओत पोरं ओळीनं बसून पानं पाडायची. पानाप्रमाणे पैसे, आणि तयार केलेलं पात्र मालकाचं. कोल तिथून वर आला आणि क्वालिटी कॉमिक्सच्या बिझी अरनॉल्डकडे पोहोचला. विल आयस्नर सैन्यात गेला तेव्हा त्याच्या द स्पिरिटचं काही कामही कोलनं केलं, तेही स्वतःच्या नावाशिवाय.

प्लास्टिक मॅनची सुरुवातच भन्नाट आहे. हा हीरो मुळात चोर, ईल ओब्रायन नावाचा तिजोरीफोड्या. केमिकल फॅक्टरीत दरोडा घालताना अंगावर ॲसिड सांडतं, साथीदार त्याला टाकून पळतात. एका मठातला साधू त्याला आसरा देतो, पोलिसांना परत पाठवतो. कुणीतरी आपल्यावर विश्वास ठेवला म्हणून हा माणूस बदलतो. सुपरमॅन जन्मतःच चांगला. याला मात्र चांगलं व्हावं लागतं. मला यातली ही गोष्ट सर्वांत आवडते.

आता नावाचा मुद्दा. एसओएमचे सर सांगतात की लोड काढल्यावर मूळ आकारात परत येतं ते इलॅस्टिक, परत येत नाही ते प्लास्टिक. त्या हिशोबानं हा इलॅस्टिक मॅनच व्हायला हवा! कोलच्या मनात इंडिया रबर मॅन असं नाव होतं म्हणतात, पण अरनॉल्डला प्लास्टिक हा शब्द जास्त मॉडर्न वाटला. नायलॉनचे मोजे १९४० मध्येच दुकानात आले होते, त्यामुळे या शब्दाची तेव्हा काय क्रेझ असेल ते समजू शकतं.

पण खरी कमाल ड्रॉइंगमध्ये आहे. इतर हीरो ठोसा मारतात आणि पुढच्या चौकटीत जातात. कोलचा हीरो एका चौकटीत खिडकीतून मान घालतो, जिन्यावरून वळतो, कुलपाच्या भोकातून आत शिरतो, आणि आपली नजर त्या लाल अंगाबरोबर पानभर घसरत जाते. आमच्या ड्रॉइंग शीटवर एक कर्व्ह धड जमत नाही, आणि या माणसाचं अख्खं पान वाहतं. वेषांतर तर विचारूच नका. प्लास्टिक मॅन खुर्ची होतो, गालिचा होतो, फुलदाणी होतो, पण रंग तोच, लाल, आणि त्यावर पिवळे-काळे पट्टे. वाचकाला दिसतं, गुंडाला दिसत नाही. सोबतीला १९४२ पासून आलेला जाडा, थोडा चोरटा वूझी विंक्स.

हाच हात १९४७ मध्ये ट्रू क्राइम कॉमिक्समध्ये वेगळाच चालला. त्यातल्या एका गोष्टीत बाईच्या डोळ्याजवळ सुई आणलेली चौकट आहे, बघवत नाही. डॉ. फ्रेडरिक वर्थम यांनी कॉमिक्स मुलांना बिघडवतात असं सांगणारं पुस्तक १९५४ मध्ये काढलं, त्यात ही चौकट पुरावा म्हणून छापली. त्याच वर्षी सिनेटपुढे सुनावणी झाली, कॉमिक्स कोड आला, धंदा बसला. वर्थम यांना सरसकट व्हिलन ठरवणं मला पटत नाही, ती चौकट खरंच भयंकर आहे. पण कोल म्हणजे तेवढी एकच चौकट, हेही पटत नाही.

तो कॉमिक्समधून बाहेर पडला आणि प्लेबॉयसाठी वॉटरकलरमध्ये व्यंगचित्रं काढू लागला. (मासिकाचं नाव वाचून हसू नका, रंग खरंच उच्च आहेत.) वर्तमानपत्रात रोजची स्ट्रिप असावी हे त्याचं जुनं स्वप्न. मे १९५८ मध्ये तेही पूर्ण झालं. बेट्सी अँड मी, नवरा, बायको आणि अतिहुशार मुलगा. कोल आणि डोरोथीला मूल नव्हतं. स्ट्रिप चालू होऊन तीन महिनेही झाले नव्हते, आणि १३ ऑगस्टला कोलनं आत्महत्या केली. वय ४३. त्या दिवशी त्यानं डोरोथीला आणि प्लेबॉयच्या ह्यू हेफनरला पत्रं लिहिली होती, तरी कारणाचा उलगडा जगाला झाला नाही. लोक त्याच्या विनोदी चित्रांत ते शोधत बसतात. मी शोधणार नाही.

क्वालिटी कॉमिक्स १९५६ मध्येच बंद पडून पात्रं डीसीकडे गेली होती. प्लास्टिक मॅन पुढे टीव्हीवरही आला, पण काढणाऱ्याचं नाव मागे राहिलं. आर्ट स्पीगेलमननं १९९९ मध्ये द न्यूयॉर्करमध्ये त्याच्यावर मोठा लेख लिहिला, २००१ मध्ये त्याचं पुस्तक झालं, तेव्हा कुठे नव्या पिढीनं कोलची पानं उघडली.

आता जुने अंक स्कॅन केलेले वाचायला मिळतात. छपाई फिकट, रंग रेघेबाहेर गेलेले. पहिल्यांदा नुसती गोष्ट वाचा. दुसऱ्यांदा मात्र गुंडांच्या मागचं फर्निचर नीट बघा, त्यातलं काहीतरी लाल असतं.