शोध कामगाराचा, पेटंट कुणाचे?

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात आज आमच्या खेड तालुक्यातील आणि मराठवाडा-विदर्भातून आलेली हजारो मुले तीन पाळ्यांत राबत आहेत. यंत्राची खोट सर्वांत आधी कळते ती यंत्रापाशी आठ तास उभ्या राहणाऱ्याला. तोच भंगारातल्या पत्र्याचे जिग बनवतो, चुकीचा भाग बसूच नये अशी खुंटी ठोकतो. त्याच्या सूचनेला कायझेन म्हणतात, फलकावर फोटो लागतो, टाळ्या वाजतात. राजगुरुनगरच्या न्यायालयात वकिली करताना आमच्याकडे भूसंपादनाची, अपघात भरपाईची, कंत्राटी कामगारांची प्रकरणे येतात. आपल्या शोधावर हक्क सांगायला मात्र आजवर एकही कामगार आलेला नाही. असे का व्हावे? याचे उत्तर एका विसरलेल्या मराठी माणसाच्या चरित्रात सापडते. त्यांचे नाव शंकर आबाजी भिसे.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुटुंबात झाला. चौदाव्या वर्षी त्यांनी घरीच कोळशापासून गॅस तयार करण्याचे साधन बनवले. तरुणपणी ते दृष्टिभ्रमाचे प्रयोग करून दाखवत, आणि विज्ञान मराठीत यावे म्हणून 'विविध कलाप्रकाश' नावाचे मासिकही चालवत. १८९७ मध्ये लंडनच्या एका नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली. पीठ, साखर यांसारखा किराणा माल आपोआप तोलून देणारे यंत्र कोण बनवतो, हा तिचा विषय होता. भिसे यांचा आराखडा पहिला आला. वसाहतीतल्या एका माणसाने साहेबाच्या घरात जाऊन साहेबाला हरवले होते.

पण आराखड्याचे यंत्र व्हायला पैसा लागतो आणि पैशापर्यंत जायला ओळख लागते. काँग्रेसचे दिनशा वाच्छा यांनी लंडनमध्ये असलेल्या दादाभाई नौरोजींच्या नावे चिठ्ठी दिली. दादाभाई भिसे यांच्या पाठीशी उभे राहिले. मग भिसे यांनी शोधांचा सपाटा लावला. सायकलचे कुलूप, स्वयंपाकघरातली उपकरणे, विजेवर चालणारी जाहिरात दाखवणारे यंत्र असे किती तरी. त्यांच्या नावे सुमारे २०० शोध आणि ४० च्या आसपास पेटंटे सांगितली जातात.

त्यांचे सर्वांत मोठे काम छपाईच्या खिळ्यांचे. त्या काळी शिशाचे खिळे ओतून, जुळवून पान तयार होई. लायनोटाइप आणि मोनोटाइप या कंपन्यांचा या धंद्यावर दबदबा होता. भिसे यांनी त्यांच्याहून वेगाने खिळे ओतणारे यंत्र रचले. त्याला भिसोटाइप म्हणत. शोध उत्तम होता, पेटंट होते, तरीही गाडी अडली. भांडवल उभे करून देण्याचे आश्वासन इंग्रज समाजवादी नेते हेन्री हाइंडमन यांनी दिले होते. १९०७ च्या अखेरीस ते फसले. हताश होऊन भिसे मुंबईला परतले. या वेळी गोपाळ कृष्ण गोखले मदतीला आले. त्यांच्या शिफारशीने सर रतन टाटा यांनी पैसा घातला आणि १९१० मध्ये टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट उभी राहिली. हेही फार काळ टिकले नाही. १९१६ मध्ये भिसे अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमध्ये १९२० च्या सुमारास त्यांच्या नावाची कंपनी निघाली, पाठोपाठ नवे खिळे ओतणारे यंत्र बाजारात आले. आयोडीनपासून त्यांनी ॲटोमिडीन नावाचे औषधही तयार केले. अमेरिकेत त्यांना भारताचा एडिसन म्हणत. १९३० मध्ये खुद्द एडिसनशी त्यांची भेट झाली. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्येच त्यांचे निधन झाले. आज मुंबईतही त्यांचे नाव फारसे कुणाला माहीत नाही.

भिसे यांच्या बुद्धीला आम्ही मनापासून मानतो. पण या चरित्राचा दुसरा अर्थही वाचला पाहिजे. वाच्छांची चिठ्ठी, दादाभाईंचा आधार, गोखल्यांची शिफारस, टाटांचा पैसा. एवढ्या पायऱ्या असूनही भिसे यांचा शोध वारंवार अडला. मग ज्याच्या वाट्याला चिठ्ठी लिहून देणारा एकही माणूस नव्हता त्याचे काय झाले असेल? या देशात चामडे कमावण्याची, लोखंड तापवण्याची, माती भाजण्याची, दोर वळण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी वाढवली, त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोणत्या कागदावर नाही. शोध त्यांचा, जात मात्र हलकी ठरवली गेली.

अमेरिकेत तर हा अन्याय कायद्याच्या भाषेत लिहिला गेला. मिसिसिपीमधील नेड नावाच्या गुलामाने कापसाच्या शेतीचे एक अवजार बनवले. मालकाने त्याचे पेटंट मागितले. १८५८ मध्ये तिथल्या ॲटर्नी जनरलने मत दिले की गुलामाच्या शोधाचे पेटंट गुलामालाही मिळणार नाही आणि मालकालाही नाही. गुलाम नागरिकच नाही, तर शोधक कसा ठरणार? त्या गुलामीविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकनांना महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला, हे आपण जाणतोच.

बाबासाहेबांनी हे दुखणे नेमके ओळखले होते. १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणासाठी पैसा मागितला. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत आपल्या मुलांना उमेदवारी मिळावी हीही मागणी त्यात होती. भिसे ज्या यंत्रासाठी आयुष्यभर झगडले, त्या छपाईच्या यंत्रापाशी आपला मुलगा उभा राहावा, एवढा साधा पण दूरचा तो विचार होता. आज मुलगा यंत्रापाशी पोचला आहे. पुढची पायरी कागदाची आहे.

म्हणून कायदा थोडक्यात सांगतो. नुसत्या कल्पनेला पेटंट मिळत नाही. वस्तू किंवा प्रक्रिया नवीन हवी, जाणकाराला सहज सुचणार नाही अशी हवी आणि उद्योगात वापरता येणारी हवी. अर्जाआधी ती प्रदर्शनात मांडली, मोबाईलवर चित्रफीत टाकून गावभर दाखवली, तर नावीन्य संपले असे समजा. शोध पुरा झाला नसेल तर तात्पुरते विवरणपत्र देऊन तारीख पक्की करता येते. पूर्ण विवरणपत्र १२ महिन्यांच्या आत द्यावे लागते. हक्क अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे राहतो. एकट्या व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १६०० रुपये आहे. तपासणीचे शुल्क वेगळे. आपल्या भागासाठीचे कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे.

कामगारासाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या. नोकरीत लागलेल्या शोधाची मालकी कुणाची, याचे उत्तर १९७० च्या पेटंट कायद्यात स्पष्ट लिहिलेले नाही. ते बहुधा नेमणुकीच्या करारावर ठरते. म्हणून सही करण्याआधी ते कलम वाचा. दुसरी गोष्ट, मालकी कंपनीकडे गेली तरी पेटंटवर शोधक म्हणून आपले नाव यावे अशी मागणी कलम २८ खाली करता येते. पण ती पेटंट मंजूर होण्यापूर्वी करावी लागते. फलकावरचा फोटो महिन्याने उतरतो, पेटंटच्या दप्तरात नोंदलेले नाव कुणी पुसत नाही.

पेटंट एजंट होण्यासाठी नुसती कायद्याची पदवी चालत नाही; विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी घेऊन परीक्षा द्यावी लागते. आपल्या वस्त्यांत आज असे पदवीधर कमी नाहीत. त्यांनी ही परीक्षा द्यावी, म्हणजे कामगाराला चिठ्ठीसाठी कुणाचे दार ठोठवावे लागणार नाही. भिसे यांचा स्मृतिदिन ७ एप्रिलला असतो आणि आठवड्याने भीमजयंती येते. जयंती मंडळांनी डीजेच्या खर्चातून एका आयटीआयच्या मुलाच्या अर्जाचे शुल्क बाजूला काढावे. आमच्या तालुक्यातील मंडळांना आम्ही हे सांगणार आहोत, आणि अर्जाचे कागद तयार करायला आम्ही बसू.